तासिकेवरचा मास्तर आणि रिकामी खुर्ची

विद्यापीठातल्या एखाद्या विभागाची गुणवत्ता घसरली की बोट शिकवणाऱ्यांकडे जातं. त्याआधी मंजूर पदं किती, भरलेली किती आणि उरलेल्यांचं काम कोण ओढतंय ते बघावं.

समजा, सहा मंजूर पदांपैकी दोनच भरलेली आहेत, एक सहयोगी आणि एक सहायक प्राध्यापक. सहायक प्राध्यापकाला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या विनियमांनुसार आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन. चारही रिकामी पदं सहायकांची धरली, तर त्यांचे 64 तास सीएचबीवाल्यांमध्ये, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांमध्ये, वाटले की वेळापत्रक भरतं, आणि प्रशासनाच्या लेखी प्रश्न मिटतो.

मिटत मात्र नाही. सीएचबीवर मानधन घेतलेल्या तासिकेचं, सुट्टीत शून्य. माणूस दोन-तीन कॉलेजांत धावतो, तास संपला की पुढची बस गाठतो. प्रवेश समिती, नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली, अंतर्गत गुणांच्या याद्या सगळं त्या दोन कायम माणसांच्या गळ्यात, आणि मग त्यांचंही संशोधन मागे पडतं. पीएचडीचं तर गणितच आवळतं. यूजीसीच्या 2022च्या पीएचडी विनियमांप्रमाणे मार्गदर्शक पूर्णवेळ नियमित शिक्षकच लागतो. सहायकाकडे 4, सहयोगीकडे 6, प्राध्यापकाकडे 8 विद्यार्थी. म्हणजे या विभागाची कमाल मर्यादा 10. त्यातल्या सहयोगीच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेताच येत नाही.

भरती बहुतेकदा बिंदुनामावलीपाशी, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचं हे ठरवणाऱ्या नोंदवहीपाशी, अडते. निवृत्ती, राजीनामा, बदललेला प्रवर्ग यांच्या नोंदी वेळेवर झाल्या नाहीत की मागासवर्ग कक्षाकडून फाईल परत येते आणि पुढची ना हरकत, जाहिरात, छाननी सगळीच लांबते. निवृत्तीची तारीख तर रुजू होण्याच्या दिवशीच ठाऊक असते! ती फाईल किमान वर्षभर आधी हलवायला काय हरकत आहे?

मुलाखतीबद्दल एकच. 2018च्या विनियमांत शैक्षणिक गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते धरले आहेत, निवड मुलाखतीवर. पण वर्गात शिकवून दाखवायला सांगण्याची मुभाही तिथेच आहे. खऱ्या विद्यार्थ्यांसमोर वीस मिनिटांचा तास घ्यायला लावावा. विषय अभ्यासक्रमातला, उमेदवाराच्या प्रबंधातला नव्हे. प्रबंधावर सगळेच छान बोलतात.

आलेला माणूस टिकतो की कंटाळतो हे बरंचसं कॅसवर, म्हणजे शिक्षकांच्या पदोन्नतीच्या योजनेवर, ठरतं. वेतनाच्या लेव्हल 10 वरून 11 ला जायला पीएचडी असेल तर 4 वर्षं, एमफिलला 5, नाहीतर 6. सोबत 21 दिवसांचा ओरिएंटेशन आणि रिफ्रेशरसारखा आणखी एक कोर्स. इथे गोची अशी, की तास घ्यायला कोणी नाही म्हणून विभाग माणसाला कोर्ससाठी सोडत नाही, आणि रिकाम्या पदाची किंमत भरलेल्या पदावरचा माणूस मोजतो. म्हणून विभागप्रमुखाने प्रत्येकाची पात्रता तारीख एका वहीत लिहून ठेवावी. कोर्सच्या पाळ्या जूनमध्येच लावाव्यात, एका सत्रात एकच माणूस सोडावा आणि त्याच्या तासांची सोय त्याच बैठकीत लिहून घ्यावी. तोंडी ठरलेलं ऑक्टोबरपर्यंत कोणालाच आठवत नाही.