तिसरा मॉनिटर आणि त्रेसष्ट स्लॉट

तक्रार एका ओळीची होती. एकाच डिस्प्लेपोर्टवर साखळीने जोडलेल्या तीन मॉनिटरांपैकी तिसरा लागत नाही. तिन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे, २७ इंची, २५६० बाय १४४०, ६० हर्ट्झ. पेटीवर डिस्प्लेपोर्ट १.२. संगणक लिनक्सवर, डिस्प्ले सर्व्हर एक्स. पहिल्या दोन मॉनिटरांच्या मेनूत एमएसटी (एकाच केबलमधून अनेक मॉनिटरांची चित्रं नेण्याची सोय) चालू, शेवटच्यात बंद. बऱ्याच मॉडेलांना हे असंच लागतं, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. ही मिटली नाही.

सोबत आलेल्या लॉगमध्ये ड्रायव्हरने उणे २८ हा एरर परत दिलेला दिसत होता. लिनक्समध्ये या क्रमांकाचं नाव ईएनओएसपीसी, आणि त्याचा छापील अर्थ ‘डिव्हाइसवर जागा उरलेली नाही’ असा. तिथल्या तंत्रज्ञाने इमानेइतबारे डिस्क रिकामी करून पाहिली होती. त्याला हसण्यात अर्थ नाही, संदेश तसाच आहे. फक्त इथली जागा डिस्कवरची नसून केबलमधली होती.

फोनवर तो म्हणाला, “सर, पण हिशेब तर बसतोय.” त्याचा हिशेब असा: २५६० गुणिले १४४० गुणिले ६० गुणिले २४ बिट, म्हणजे एका मॉनिटरला सेकंदाला ५.३१ गिगाबिट. तिघांचे १५.९३. पेटीवर २१.६ लिहिलेलं. त्यातून ८बी/१०बी एन्कोडिंगचा पाचवा हिस्सा वजा केला, कारण तारेवर दर ८ बिटांमागे १० बिट जातात, तरी १७.२८ उरतात. वर १.३५ गिगाबिट शिल्लक. ८बी/१०बीची वजावट लक्षात ठेवणारा माणूस विरळा, म्हणून मी त्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले. चूक दुसरीकडे होती.

मॉनिटरला फक्त दिसणारे पिक्सेल पाठवले जात नाहीत. प्रत्येक ओळीनंतर आणि प्रत्येक फ्रेमनंतर काही काळ रिकामा जातो, त्याला ब्लँकिंग म्हणतात. सीआरटीच्या, म्हणजे काचेच्या नळीच्या जुन्या पडद्यांच्या जमान्यात किरण मागे न्यायला तो वेळ लागायचा. आता किरण नाही, पण रीत राहिली. या मॉनिटरांच्या ईडीआयडीत, म्हणजे मॉनिटर स्वतःबद्दल संगणकाला देतो त्या माहितीत, जे टायमिंग होतं त्यात एक ओळ २५६० नव्हे तर २७२० पिक्सेलांची आणि एक फ्रेम १४४० नव्हे तर १४८१ ओळींची होती. पिक्सेल क्लॉक, म्हणजे सेकंदाला जाणारे पिक्सेल, २४१.५ मेगाहर्ट्झ. त्याला २४ ने गुणलं की एका मॉनिटरचे ५.८० गिगाबिट होतात आणि तिघांचे १७.३९. १.३५ गिगाबिट शिल्लक होती तिथे आता ०.११ ची तूट.

प्रत्यक्षातली तूट याहून मोठी. एमएसटीमध्ये लिंकचा वेळ ६४ स्लॉटांच्या चौकटींत कापलेला असतो. शून्यावा स्लॉट हेडरचा, उरले ६३. प्रत्येक मॉनिटरच्या प्रवाहाला पूर्ण स्लॉट द्यावे लागतात, पाव-अर्धा देता येत नाही. मोजमापाचं एकक पीबीएन, म्हणजे सेकंदाला चौसष्टांश ५४ मेगाबाइट. हा अपूर्णांक विचित्र दिसतो, पण २.७ गिगाबिटच्या एका लेनवर (केबलमधल्या डेटाच्या एका मार्गावर) एका स्लॉटात बरोबर ५ पीबीएन मावतात म्हणून तो तसा निवडलेला आहे. आमची लिंक लेनमागे ५.४ गिगाबिटची, चार लेनची. म्हणजे स्लॉटमागे ४० पीबीएन.

आता एका मॉनिटरची गरज. २४१.५ मेगाहर्ट्झ गुणिले ३ बाइट म्हणजे ७२४.५ मेगाबाइट. त्याला ६४ ने गुणून ५४ ने भागायचं आणि वर ०.६ टक्के राखीव ठेवायचे, कारण स्प्रेड स्पेक्ट्रममुळे (घड्याळाचा वेग मुद्दाम किंचित हलता ठेवण्याच्या युक्तीमुळे) लिंकचं घड्याळ थोडं मंद चालतं आणि दोन्ही टोकांच्या क्रिस्टलमध्येही किंचित फरक असतो. उत्तर ८६४ पीबीएन. भागिले ४० म्हणजे २१.६, वर उचलून २२. पहिल्या मॉनिटरला १ ते २२, दुसऱ्याला २३ ते ४४. तिसऱ्यासाठी उरले १९, हवे २२. सहासष्ट मागितले, त्रेसष्ट होते. ड्रायव्हरने नाही म्हटलं ते बरोबरच होतं.

मग सेटिंगच्या यादीत तिन्ही मॉनिटरांपुढे २५६० बाय १४४०, ६० हर्ट्झ कसं दिसतं? ती यादी बनवताना ड्रायव्हर प्रत्येक मोड (पिक्सेल आणि हर्ट्झची जोडी) एकटा तपासतो: या मॉनिटरपर्यंतच्या वाटेवर हा मोड मावेल का? एकट्याला मावतो. शेजारी अजून दोघं बसलेत, हे त्या क्षणी हिशेबात धरत नाहीत, कारण कोण चालू होणार हे ठरलेलंच नसतं. बेरीज होते ती प्रत्यक्ष मोड लावायची विनंती आल्यावर. डेस्कटॉपचे प्रोग्राम या नकाराला बऱ्याचदा वाईट हाताळतात: विनंती फेटाळली गेली की शेवटचा आउटपुट गुपचूप बंद ठेवतात आणि वापरणाऱ्याला वाटतं मॉनिटर खराब झाला.

दुसऱ्या पोर्टवर तिसरा मॉनिटर लावणं हा सरळ उपाय, पण दुसरं पोर्ट एचडीएमआयचं होतं आणि त्यावर भिंतीवरचा पडदा होता. डीएससी कॉम्प्रेशन, म्हणजे चित्र दाबून पाठवणं, आलं डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये, २०१६ साली, आणि ते उलगडणारं हार्डवेअर या मॉनिटरांत नाही. तिसऱ्याचे लाल, हिरवा, निळा हे रंग प्रत्येकी ८ वरून ६ बिटांवर आणले तर त्याला १७ स्लॉट पुरतात, एकूण ६१. काही ड्रायव्हर हे आपणहून करतात, हा करत नव्हता. पण मग करड्या छटांवर पट्टे दिसतात, आणि या लोकांचं दिवसभराचं काम नकाशांवर. तिसरा ५० हर्ट्झवर नेला तर त्याला १८, एकूण ६२. हे चाललं असतं. तरी तीन मॉनिटरांत एकावर माउस जरा अडखळतो म्हणून महिन्याभरात नवी तक्रार आली असती.

म्हणून ब्लँकिंगवरच कात्री चालवली. सीव्हीटी या टायमिंग ठरवण्याच्या मानकाची जी कमी ब्लँकिंगची पहिली आवृत्ती आहे तिच्यात ओळीमागे १६० पिक्सेल रिकामे जातात. दुसऱ्या आवृत्तीत ८०. ओळ २६४० पिक्सेलांची, फ्रेम १४८१ ओळींचीच, क्लॉक २३४.५९ मेगाहर्ट्झ. पुन्हा तोच हिशेब: ८३९.१, वर उचलून ८४० पीबीएन. भागिले ४० बरोबर २१. तीन एकवीस त्रेसष्ट. मी कॅल्क्युलेटर दोनदा चालवला, कारण आकडे असे जुळून आले की आधी आपलीच चूक शोधावी लागते.

एक्सरँडरला, म्हणजे एक्समध्ये मोड बदलायच्या आज्ञेला, नवा मोड देताना आडवे आकडे २५६०, २५६८, २६००, २६४० आणि उभे १४४०, १४६७, १४७५, १४८१, आडवा सिंक धन, उभा ऋण. ओळींची वारंवारता ८८.८६ किलोहर्ट्झ येते, आधी ८८.७९ होती, म्हणजे मॉनिटरच्या मर्यादेला धक्का नाही. तरी ८० पिक्सेलांचं ब्लँकिंग प्रत्येक स्केलर (मॉनिटरमधली चित्र बसवणारी चिप) घेतोच असं नाही. आधी एकट्या मॉनिटरवर लावून पाहायचं, चित्र कडेला सरकलेलं नाही ना आणि मॉनिटरच्या माहितीपटलावर ६० हर्ट्झ दिसतं ना, एवढं बघायचं. आमच्याकडच्या तिघांनी घेतलं.

पुढची पायरी चुकली तर सगळं मुसळ केरात. नवा मोड फक्त काळ्या मॉनिटरला देऊन भागत नाही: २२, २२ आणि २१ मिळून ६५. तिघांनाही द्यायचा, आणि तोही क्रमाने. तिसरा बंद असतानाच पहिल्या दोघांना नव्या मोडवर आणायचं, पेलोड टेबल, म्हणजे कोणाला कोणते स्लॉट याची यादी, १ ते २१ आणि २२ ते ४२ असं झालं की मग तिसरा चालू करायचा, त्याला ४३ ते ६३. स्क्रिप्टमध्ये आउटपुटचं नाव पक्कं लिहून ठेवू नये. एमएसटीचे आउटपुट केबल काढून लावली की नव्याने जन्मतात आणि नाव बदलू शकतं, म्हणून मॉनिटर ईडीआयडीतल्या अनुक्रमांकावरून ओळखायचा.

दुपारी हे सगळं घेऊन ग्राहकाच्या जागेवर गेलो. स्क्रिप्ट चालवली. दोन लागले, तिसरा काळा. पुन्हा उणे २८.

कर्नलच्या डीबग मास्कमध्ये, म्हणजे कसल्या नोंदी हव्यात ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये, केएमएस, अॅटॉमिक आणि डीपी हे तिन्ही बिट लावून लॉग काढला. संगणकापासून पहिल्या मॉनिटरपर्यंतची बेरीज ६३, तिथे हरकत नव्हती. नकार पुढच्या टप्प्यावरून आला होता. साखळीतली प्रत्येक केबल ही वेगळी लिंक असते, आणि पहिल्या मॉनिटरपुढचं लिंक ट्रेनिंग, म्हणजे दोन टोकांनी आपसात वेग ठरवून घेणं, ड्रायव्हर करत नाही, तो मॉनिटर आपला आपण करतो. ड्रायव्हर फक्त विचारतो की या वाटेवर एकूण किती पीबीएन आहेत. चार लेन ५.४ वर असतील तर उत्तर २५६० यायला हवं. पहिल्या मॉनिटरच्या आउटपुटाने सांगितलं १२८०. त्या केबलवरून दुसरा आणि तिसरा दोघंही जातात, म्हणजे गरज १६८०. एकट्या दुसऱ्याला ८४० पुरत होते, म्हणून तो बिनतक्रार चालू.

खात्रीसाठी दुसऱ्या मॉनिटरचं लिंक-वेगाचं रजिस्टर दूरस्थ वाचनाने पाहिलं. हेक्समध्ये १४ असतं तर ५.४ गिगाबिट, तिथे ०ए होतं, म्हणजे २.७. पहिल्या आणि दुसऱ्यामधली केबल तीन मीटरची, खूण नसलेली, टेबलाच्या पायाभोवती दोन वळसे घेतलेली. ५.४ वर ट्रेनिंग बसलं नाही म्हणून मॉनिटर मुकाट्याने निम्म्यावर उतरला होता. तंत्रज्ञाने केबल बदलून पाहिल्या होत्या हे खरं, पण दर वेळी काळ्या पडद्याच्या जवळची, दुसऱ्या-तिसऱ्यामधली. कोणीही तेच करतो. दीड मीटरची चांगली केबल मध्ये लावली, उत्तर २५६० झालं आणि तिन्ही पडदे उजळले.

म्हणजे दोष दोन होते आणि लक्षण एकच. केबल आधी बदलली असती तर ६६ स्लॉट आडवे आलेच असते, आणि उलट क्रमाने आम्ही अडकलोच होतो.

आता त्या लिंकवर एकही स्लॉट मोकळा नाही. कोणी एका मॉनिटरला १० बिट रंग लावला की त्याला २७ लागतील आणि बेरीज ६९ वर जाईल. हे टेबलावर चिकटवलेल्या कागदावर लिहून दिलं. एक गोष्ट तशीच सोडली: लॉगिनचा पडदा स्क्रिप्टच्या आधी येतो आणि मॉनिटरांनी ईडीआयडीत सांगितलेला जुनाच मोड लावतो, म्हणून पासवर्ड टाकेपर्यंत तिसरा मॉनिटर काळा राहतो. तेही कागदावर आहे, सर्वांत वर आणि ठळक, नाहीतर रोज सकाळी कोणीतरी केबल उपसली असती.