मुंबई डेको नोंदवही: ओव्हल आटोपलं, आता शिवाजी पार्क

मंडळी, मुंबईतल्या आर्ट डेको इमारतींची (1930 च्या दशकातली गुळगुळीत, मोजक्या रेषांची शैली) फोटोंतून नोंद करण्याच्या माझ्या उपक्रमात दक्षिण मुंबईतल्या ओव्हल मैदानाचं काम हातावेगळं झालं. पश्चिमेच्या रांगेतल्या डेको इमारती समोरून, कोपऱ्यावरून आणि प्रवेशद्वारासकट अशा तिन्ही तऱ्हांनी टिपून झाल्या, आणि उन्हाळ्यापासून माझा मुक्काम दादर-माटुंग्याकडे हलला आहे. ज्यांना ओव्हल अजून करायचं आहे त्यांच्यासाठी तिथलं आधी सांगते.

ओव्हलला सगळं काही उन्हावर ठरतं. मैदान उत्तर-दक्षिण लांबलेलं. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि जुनं सचिवालय, पश्चिमेला 1930 च्या दशकातल्या राहत्या इमारती. डेको रांगेचं तोंड पूर्वेला, समोरच्या गॉथिक (टोकदार कमानी आणि मनोऱ्यांच्या जुन्या शैलीतल्या) रांगेचं पश्चिमेला. म्हणून सकाळ डेकोची आणि दुपार कलल्यावर गॉथिकची. मैदान ओलांडणाऱ्या पायवाटेच्या साधारण मध्यावर उभं राहिलं की दोन्हीकडे पुरेसं अंतर मिळतं आणि कॅमेरा वर उचलावा लागत नाही. राजाबाई टॉवर 85 मीटरचा आहे. 24 मिमीची लेन्स उभी धरून, कॅमेरा जमिनीशी समतल ठेवून घ्या आणि खालचं मैदान घरी आल्यावर कापून टाका. उभ्या रेषा ताठ राहतात, मनोरा मागे कललेला दिसत नाही. शनिवार-रविवारी मात्र पायवाटेच्या दोन्ही अंगांना क्रिकेट भरात असतं, चेंडूकडे लक्ष हवं.

या मैदानावर उभं राहून मला दर वेळी नवल वाटतं ते जमिनीचं. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना 1860 च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर गॉथिक रांग उभी राहिली. तेव्हा तिच्यापुढे मैदान आणि त्यापलीकडे समुद्र होता. पुढे बॅक बे या उपसागरात भर घातली, समुद्र मागे हटला आणि त्या नव्या जमिनीवर डेको आलं. 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली ती या दोन्ही समूहांची मिळून. एका पिढीने दगड घडवला, दुसरीने सिमेंट ओतलं, आणि दोघांच्या मधे फक्त गवत आहे. जगात दुसरीकडे कुठे हे इतक्या सरळ समोरासमोर दिसत असेल असं मला वाटत नाही.

हीच गोष्ट एका घराण्यातही सापडते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची, काम चाललं 1878 ते 1888. कुलाब्याचं रीगल सिनेमागृह 1933 चं, आणि ते त्यांच्या मुलाचं, चार्ल्स स्टीव्हन्स यांचं. बापाच्या इमारतीवर मोर, माकडं, पानाफुलांची नक्षी, घुमटावर प्रगतीची मूर्ती. मुलाची इमारत गुळगुळीत, रेषा मोजक्या, पोटात मोटारी ठेवायला तळघर. दोन्ही एकाच दिवशी बघा. सकाळी रीगल, संध्याकाळी टर्मिनस, कारण टर्मिनसचं मुख्य अंग पश्चिमेला आहे आणि चार वाजल्यानंतर तिथला दगड पिवळा धमक होतो.

फोर्टात आणखी एका इमारतीने माझा बराच वेळ घेतला. महात्मा गांधी रोडवरची न्यू इंडिया ॲश्युरन्स, 1936 ची, मास्टर, साठे आणि भुता या वास्तुरचनाकारांची. दर्शनी भागावरची शिल्पं ना. ग. पानसरे यांची. डेको म्हटलं की लोकांना जहाजाच्या गोल खिडक्या आणि सूर्यकिरणांची जाळी आठवते. इथे मात्र शेतकरी आहेत, कामकरी बाया-माणसं आहेत, त्यांचे दंड आणि पिंढऱ्या दगडातही ताणलेल्या दिसतात. रस्ता अरुंद आहे, त्यामुळे अख्खी इमारत एका चौकटीत घेण्याचा हट्ट मी सोडला. समोरच्या फुटपाथवरून 135 मिमीने एकेक आकृती घेतली. तिरपं ऊन येतं तेव्हा उठाव उमटतो, ढगाळ हवेत सगळं सपाट होतं. ज्यांना शिल्पांत रस आहे त्यांनी हे काम ऑक्टोबरातच करावं.

आता शिवाजी पार्क.

दक्षिण मुंबईतलं डेको सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचे फोटो भरपूर आहेत, त्याला कागदोपत्री संरक्षणही आहे. दादर, हिंदू कॉलनी, माटुंगा, शिवाजी पार्क इथल्या डेकोचं तसं नाही. आणि माझ्या मते आपल्या शहराचं खरं डेको हे आहे, कारण यात आपली माणसं राहायला आली. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहरातली दाटी मोडायची म्हणून ट्रस्टने उत्तरेकडे रुंद रस्ते, बागा आणि आखीव प्लॉट पाडले. शिवाजी पार्कचं मैदान 1925 मध्ये लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला महाराजांचं नाव मिळालं. मग भोवतीच्या प्लॉटांवर घरं उठू लागली. गिरगावातल्या चाळीत समाईक नळ आणि समाईक संडास वापरून मोठं झालेलं कारकून, मास्तर, वकील मंडळींचं कुटुंब इथे स्वतंत्र मोरी असलेल्या ब्लॉकमध्ये आलं. 1937 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाऊन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ नावाचं प्रदर्शन भरवलं होतं, ते याच स्वप्नाचं.

आराखडे काढणारेही आपल्याच शहरात शिकलेले होते. गजानन म्हात्रे यांचं नाव यात पहिलं घ्यायला हवं. ओव्हलवरचं एम्प्रेस कोर्ट त्यांचं. त्याचा गोलाई घेतलेला कोपरा एकदा नीट पाहिला की मग पुढे इतरत्रही कोपऱ्याच्या इमारतीकडे नजर आपोआप जाते: दोन रस्ते मिळतात तिथे भिंत वळवायची कशी, गॅलरी कुठे संपवायची, जिना कुठे ठेवायचा.

शिवाजी पार्कात मी फोटो ठरावीक क्रमाने घेते. आधी समोरचा दर्शनी भाग, मग कोपरा, फाटक, नावाची अक्षरं, जिना, ग्रील आणि शेवटी गच्चीचा कठडा. फाईलच्या नावात रस्ता, इमारत आणि तारीख. दर्शनी भागासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचा जिन्याचा टप्पा. मूळ इमारती तळमजला अधिक दोन अशा बेताच्या असल्या की तिथून त्या नेमक्या डोळ्यांच्या पातळीवर येतात आणि रेषा सरळ करत बसावं लागत नाही. अर्थात त्यासाठी विचारावं लागतं. आधी वॉचमनला, मग सेक्रेटरींना. मोबाईलवर त्यांच्याच इमारतीचे आधी घेतलेले एक-दोन फोटो दाखवले की बोलणं सोपं जातं. तिपाई मात्र नेऊ नका. तिपाई दिसली की शूटिंग आहे असं समजून माणसं परवानगीचं पत्र मागतात.

छज्ज्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बरेच जण इथे घाई करतात. या इमारतींच्या खिडक्यांवर सलग पट्टीसारखा छज्जा असतो, कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या बाजूपर्यंत जाणारा. पूर्वेकडच्या भिंतीवर सकाळी आठच्या सुमारास त्याची सावली जेमतेम हातभर असते, इमारत सपाट दिसते. साडेनऊनंतर सावली खिडकीच्या वरच्या तावदानांपर्यंत उतरते आणि मजल्यामजल्याला आडवे काळे पट्टे आखल्यासारखे उमटतात. आराखडा काढणाऱ्याच्या मनातली इमारत तेव्हा दिसते. अकराच्या पुढे सावली अख्खी खिडकी गिळते आणि सगळं काळवंडतं. मधला तासभरच खरा. उत्तरेकडे तोंड असलेल्या इमारतींना हिवाळाभर ऊन मिळत नाही. त्यांच्यासाठी मे-जून, कारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत भर दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ त्या भिंतीवर तिरपा उजेड पडतो.

झाडांचं गणितही सांभाळायला हवं. वर्षावृक्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो, गुलमोहोर फुलायच्या आधी मार्च-एप्रिलमध्ये उघडा होतो. वर्षभर झाकलेल्या काही इमारती फक्त तेवढ्याच दिवसांत मोकळ्या दिसतात. डिसेंबर-जानेवारीच्या धुरकट हवेत मी दूरचं काही घेत नाही, जिने आणि ग्रील घेते. पावसाळ्यात निम्म्या गॅलऱ्यांना ताडपत्री लागते, तेव्हा गॉथिकला जावं. ओला बेसाल्ट निळसर काळा होतो, कुर्ल्याचा पिवळा दगड गडद होतो आणि जनरल पोस्ट ऑफिसच्या भिंतीवर काळा, पिवळा आणि ध्रांगध्र्याचा पांढरा असे तिन्ही दगड वेगवेगळे मोजून घ्यावेत इतके स्पष्ट दिसतात.

मला सगळ्यात जास्त आनंद दिला तो एका जिन्याने. इमारतीचं नाव लिहीत नाही, आतली माणसं राहती आहेत. मी खाली उभी राहून वर बघत होते, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं.

“जिन्याचा फोटो हवाय ना? मग वर ये गं. खालून नुसता अंधार दिसतो. दुपारी तीनला वरच्या जाळीतून ऊन येतं, तेव्हा बघ.”

तीनपर्यंत थांबले. त्यांनी चहा दिला. वरच्या टप्प्यावर उभ्या भिंतीत सिमेंटची जाळी आहे, तिच्या चौकोनांतून ऊन आलं आणि पायऱ्यांवरून एकेक खाली उतरत गेलं. पायऱ्या मोझेकच्या, पिवळसर, कडेला तांबडी पट्टी. कठड्याची लोखंडी ग्रील तीन आडव्या पट्ट्यांची, वळणावर त्या पट्ट्या न तुटता वळतात. वरची लाकडी मूठ इतक्या वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. वळणावर लाकडाचे दोन तुकडे कुठे जोडलेत ते मी बोट फिरवून शोधलं, नखाला सांधा लागला नाही. आजी म्हणाल्या, “आमचे हे सांगायचे, सुतार इथेच जिन्याखाली बसून ते घडवत होता.” हा फोटो 24 मिमीने, एफ 8 वर, आयएसओ 800 ठेवून हातातच घेतला. कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन एक्स्पोजरला घेऊन नंतर जोडले, म्हणजे जाळीही पांढरी फुटत नाही आणि जिन्याचा कोपराही दिसतो.

त्या इमारतीच्या फाटकावर पुनर्विकासाचा फलक लागलेला आहे.

हे का होतंय तेही समजून घेतलं पाहिजे, नुसती हळहळ उपयोगाची नाही. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला घर सोडवेना. समुद्राच्या खाऱ्या हवेत काँक्रीटमधल्या लोखंडी सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचा थर फोडते. पातळ छज्जे आणि गॅलरीच्या कडा सगळ्यात आधी जातात, म्हणजे नेमकं जे डेकोचं अंग तेच. उपनगरं सोडून मूळ मुंबई बेटावरच्या, सप्टेंबर 1969 पूर्वीच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींना पुनर्विकासात जादा चटई क्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा मिळते, आणि गळक्या छताखाली राहणाऱ्या माणसाने नवं, लिफ्टवालं घर घ्यायला नकार का द्यावा? आजींचे गुडघे दुखतात, त्या दिवसातून एकदाच खाली उतरतात. त्यांना टॉवरमधलं घर हवंय, आणि ते त्यांना मिळावं असंच मलाही वाटतं. तरीही तो जिना जाणार याचं दुःख आहेच. दोन्ही खरं आहे. आपल्या हातात आहे ते एवढंच की पाडकाम सुरू व्हायच्या आधी तिथे पोचायचं आणि नीट नोंद करायची. पुनर्विकासाचा फलक दिसला की ती इमारत माझ्या यादीत सगळ्यांच्या वर येते. ओव्हलचं रजब महल पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

म्हणून माझी विनंती आहे की नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी मरीन ड्राइव्हपासून नाही, स्वतःच्या मामाच्या, आत्याच्या जुन्या घरापासून सुरुवात करावी. तिथे परवानगी लागत नाही, जिन्यात हवा तेवढा वेळ बसता येतं आणि कुठल्या खोलीत काय होतं हे सांगणारं माणूस शेजारीच असतं.

पुढचा टप्पा किंग्ज सर्कलचा, म्हणजे महेश्वरी उद्यानाभोवतीचं वर्तुळ. तिथे इमारती एकेकट्या बघून भागत नाही, त्यांनी मिळून धरलेली गोलाई टिपायची आहे आणि मधे उड्डाणपूल आहे. वर्तुळातल्या एखाद्या गच्चीवर जाता आलं तर उत्तम. तिथे कोणाचे नातेवाईक राहत असतील तर कळवा. दुसरं म्हणजे, घरच्या अल्बममध्ये शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी किंवा माटुंग्यातले 1960 च्या आधीचे फोटो असतील तर त्यात माणसांच्या मागे काय दिसतंय ते बघा. मुंजीचा, वरातीचा, नव्या स्कूटरचा फोटो असला तरी चालेल. मागे मूळची ग्रील, उघडी गॅलरी किंवा नावाची अक्षरं दिसत असतील, तर रस्त्याचं नाव आणि अंदाजे साल लिहून पाठवा. आजच्या फोटोशेजारी लावून दाखवायला मला असे जुने फोटो हवे आहेत.