क्लिप प्लस, महिना पाचवा: नवी बॅटरी, कॅसेटचे जोड आणि देवासची बस

मागची नोंद लिहिली तेव्हा प्लेअर हातात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. आता पाचवा महिना संपत आलाय. इंदूर-देवास जाऊन-येऊन दिवसाला दोन-अडीच तास तो माझ्या कानाला असतो, त्यामुळे आता भरवशाने लिहू शकतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस हा गाणी ऐकायचा छोटा प्लेअर, २००९ सालचं मॉडेल, आता बनत नाही. मी वापरलेला घेतला, १,४०० रुपयांना. आकार काडेपेटीएवढा, पडदा १२८ बाय ६४ ठिपक्यांचा, वरची पट्टी पिवळी आणि खालचा भाग निळा. कडेला मायक्रोएसडी कार्डाची खाच आहे, म्हणून तर घेतला. त्यावर पहिल्याच आठवड्यात रॉकबॉक्स हे अशा प्लेअरांसाठीचं मोफत पर्यायी सॉफ्टवेअर चढवलं. मूळ सॉफ्टवेअरही आत तसंच राहतं, चालू करताना डावं बटण दाबून धरलं की ते उघडतं. चढवताना यूएसबी जोडणीचा प्रकार एमटीपीवर न ठेवता एमएससीवर ठेवायचा (त्यात प्लेअर संगणकाला पेनड्राइव्हसारखा दिसतो), एवढं एक लक्षात ठेवा.

बॅटरी. इतक्या वर्षांनी जुनी बॅटरी थकणारच, चार तासांत मान टाकायची. मूळची २९० एमएएचची लिथियम पॉलिमर, दोन तारांनी बोर्डाला डाग देऊन जोडलेली. इंदूरच्या जेलरोडवर मोबाईलचे सुटे भाग मिळतात तिथे मापाची पट्टी घेऊन गेलो आणि जवळपास त्याच मापाची, संरक्षक सर्किट असलेली बॅटरी शोधली. उघडताना घाई केली आणि कव्हरची एक खुंटी मोडली. नखाने किंवा गिटारच्या पिकने सगळ्या कडेने हळूहळू सोडवत जा, एकाच जागी जोर देऊ नका. तारा एकेक करून काढायच्या, दोन्ही एकदम कापल्या तर कात्रीतूनच शॉर्ट होतं. आता अकरा तास निघतात. फ्लॅक फाइली (आवाजातलं काही न गमावता आवळलेल्या) आणि पडदा बंद, हा हिशेब धरून.

कार्ड ६४ जीबीचं लावलं. नवं कार्ड एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये येतं आणि ते रॉकबॉक्सला वाचता येत नाही, म्हणून एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये करून घ्यावं लागलं. माझ्या विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर हा पर्याय येत नव्हता, वेगळं सॉफ्टवेअर वापरलं. आणि कार्ड भरण्याआधी एकदा पूर्ण लिहून-वाचून तपासा. माझं पहिलं कार्ड ६४ म्हणून विकलेलं, प्रत्यक्षात आठाच्या आसपास निघालं. पुढच्या सगळ्या फाइली नावाला दिसत होत्या, वाजत नव्हत्या.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्या कॅसेट.

बाबांनी आकाशवाणीवरून भरलेल्या एकोणतीस कॅसेट घरात आहेत, बहुतेक सी-६०. एका बाजूला तीस मिनिटं. विलंबित ख्याल ऐन रंगात आलेला असताना पट्टी संपायची आणि बाबा धावत जाऊन ती उलटायचे. लहानपणी त्या खटक्यासकट गाणं पाठ झालं होतं. तशी एक सी-६० मोनोमध्ये, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर उतरवली की दोन्ही बाजू मिळून ३१७ एमबी होतात. फ्लॅक केल्यावर १९० राहिले. स्टुडिओतलं स्वच्छ ध्वनिमुद्रण याहून जास्त आवळलं जातं. कॅसेटच्या खरखरीला कसलाच क्रम नसतो, म्हणून ती फारशी दबत नाही. खरखर काढणारे फिल्टर मी वापरून पाहिले आणि सोडून दिले. खरखरीबरोबर तानपुऱ्याची जवारीही, म्हणजे तारांची ती झणझणती गुंजही, जाते.

काही कॅसेटवर उजव्या कानाचा आवाज जवळजवळ मेलेला आहे. स्टीरिओत उतरवलेल्या अशा फाइली ऐकताना एक कान ओसाड पडायचा. रॉकबॉक्समध्ये आवाजाच्या सेटिंगखाली चॅनलचा पर्याय आहे, त्यात ‘मोनो डावा’ निवडला की डाव्या कानाचा आवाजच दोन्ही कानांना मिळतो. फाइलला हात लावावा लागत नाही. एवढ्या एका सोयीसाठी मी हा प्लेअर पुन्हा विकत घेईन.

दुसरी सोय म्हणजे खुणा. थांबवताना खूण ठेवायला सांगितली की पन्नास मिनिटांचा राग जिथे सोडला तिथूनच उघडतो. गायक अमीर खाँसाहेबांच्या शहरात, इंदुरात, राहून झुमरा तालातला विलंबित तुकड्यातुकड्याने ऐकावा लागतो याचं मला वाईट वाटायचं. चौदा मात्रांचं ते आवर्तन इतकं सावकाश चालतं की मधूनच उचललं तर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येणार हे कळेपर्यंत बराच वेळ जातो. म्हणून मी खूण उघडल्यावर मिनिटभर मागे जातो आणि एक सम पदरात पाडून घेऊन मगच पुढे ऐकतो.

आमच्या ओळखीत हाच प्लेअर आणखी दोघांकडे आहे. लोकमान्यनगरच्या काकांनी रॉकबॉक्स घातलेलंच नाही. ते रात्री झोपताना एफएम ऐकतात, इयरफोनची वायर अँटेना म्हणून पुरते, आणि ते पूर्ण समाधानी आहेत. दुसरा सुदामानगरच्या ताईंकडे, त्या गाणं शिकतात. त्यांच्या गुरूंचं ध्वनिमुद्रण पांढरी पाचमध्ये आणि ताईंचा स्वर काळी चार (पेटीच्या पट्ट्या, एकमेकींशेजारच्या). पिचच्या पडद्यावर अर्धा स्वर चढवला की गुरूंबरोबर गाता येतं. टाइमस्ट्रेच चालू केलं तर स्वर न बदलता लयही कमी करता येते. ताईंनी ७५ टक्क्यांवर ताना ऐकून त्यांचं नोटेशन केलंय. त्याहून खाली गेलं की आवाज थरथरतो आणि कण, म्हणजे मुख्य स्वराला चिकटून येणारे ओझरते स्वर, ओळखू येत नाहीत. बॅटरीही अशा वेळी लवकर उतरते.

देवनागरीचं अजून जमलेलं नाही. युनिफॉन्ट हा फॉन्ट घातला की अक्षरं उमटतात, पण जोडाक्षरं जोडली जात नाहीत आणि पहिली वेलांटी जागा चुकते. मारवा, दरबारी, भैरव नीट वाचता येतात. ललित, हिंडोल आणि श्री बिघडतात. टॅग मी देवनागरीतच भरले आहेत, फोल्डरांची नावं मात्र सध्या रोमनमध्ये ठेवलीत. कुणी या मॉडेलवर तोडगा काढला असेल तर जरूर कळवा, रागांची नावं रोमनमध्ये वाचताना मला दरवेळी खटकतं.

आवाजाबद्दल विचारणारे बरेच आहेत. माझे इयरफोन १६ ओमचे आहेत, त्यांना हा प्लेअर सहज पुरतो. शांत आलापीत मागून सूं-सूं येत नाही. याहून महाग प्लेअर मित्राकडे अर्धा तास ऐकला. फरक होता, पण बसच्या इंजिनाखाली मला तो सापडला नसता.

या आठवड्यात एका कॅसेटच्या दोन्ही बाजू जोडल्या. मारवा, बाबांच्या अक्षरात फक्त रागाचं नाव आणि ‘सायं.’ एवढंच लिहिलेलं. गॅपलेसमुळे, म्हणजे फाइलींमध्ये खंड न पडू देणाऱ्या सोयीमुळे, दोन फाइली सलग वाजल्या असत्या, पण दुसऱ्या बाजूची सुरुवातीची कोरी पट्टी मधे येत होती, ती कापावी लागली. कॅसेट उलटताना गेलेले काही क्षण तर कुणाकडेच नाहीत. आधी मी एक आवाज हळूहळू मिटवत दुसरा उघडून जोड लपवला होता. ऐकल्यावर ते खोटं वाटलं, लयही अडखळली. आता तिथे अर्ध्या सेकंदाची शांतता ठेवली आहे.

काल देवासहून परतताना तो मारवा पूर्ण ऐकला. देवासची टेकडी मागे पडली तेव्हा कोमल ऋषभावर आलापी चालू होती, ऊन समोरून येत होतं. जोड आला तेव्हा बस टोलनाक्यावर थांबली होती. बाबा खुर्चीवरून उठून टेपरेकॉर्डरकडे जाताना दिसले, आणि गाणं पुढे चालू झालं.

सत्तावीस कॅसेट बाकी आहेत. टेपडेकचा पट्टा सैल झालाय, तो आधी बदलायचा आहे.