रस्ता एकाचा, बस दुसऱ्याची

आज पुण्याच्या वाहतुकीवर तज्ज्ञांची चर्चा झाली. रस्ता महापालिकेचा, बस पीएमपीएमएलची, मेट्रो महामेट्रोची आणि नियमन वाहतूक पोलिसांचं. अडचणीचं मूळ इथेच आहे. १० लाखांवरच्या शहरांत एकत्रित महानगर वाहतूक प्राधिकरण हवं, असं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच सांगितलं. २०१७ च्या मेट्रो धोरणात तर राज्यांकडून त्याची हमीच मागितली आहे. पण कायद्याचं बळ आणि स्वतःचा निधी नसेल तर असं प्राधिकरण नुसत्या बैठका घेतं.

मेट्रो स्थानकापर्यंत नेणारी फीडर बस दर २० मिनिटांनी येत असेल तर सरासरी १० मिनिटं वाट बघावी लागते. मेट्रोने वाचवलेला वेळ तिथेच जातो, माणूस पुन्हा दुचाकी काढतो. फेऱ्या वाढवा, स्थानकापर्यंतचे पदपथ किमान १.८ मीटर मोकळे ठेवा. उड्डाणपुलांचं नंतर बघू!