वाघ्याला काम हवं आहे

शनिवार, रात्री

वाघ्याला बघायला आज दोन ठिकाणची माणसं येऊन गेली. पहिल्यांना नाही म्हणताना जिवावर आलं. माणसं प्रेमळ होती, घरी अंगण होतं, दोन लहान मुलं होती आणि त्यांना ‘हुशार कुत्रा’ हवा होता. पण मुलं अंगणात पळायला लागली की वाघ्या काय करील हे मला माहीत आहे. तो त्यांना वळसा घालून कोपऱ्यात गोळा करील, आणि जो ऐकणार नाही त्याच्या घोट्याला दात लावील. त्यात राग नसतो, पण मुलाला दुखतंच.

वाघ्या सव्वा वर्षाचा बॉर्डर कॉली आहे. आईबाप दोघंही मेंढ्या वळवण्याचं काम करणारे. आधीच्या घरी त्याच्यावर माया होती, फक्त दिवसभर घर बंद असायचं आणि संध्याकाळी एक फेरी व्हायची. तिथेही धाकट्याच्या घोट्याला दात लागले, तेव्हा त्या बाईंनी वेळेवर मदत मागितली आणि नवीन घर मिळेपर्यंत तो माझ्याकडे आला. त्यांना लोक ‘टाकून दिलं’ म्हणाले, याचा मला फार राग येतो. ‘दोन-तीन वर्षांचा झाला की आपोआप शांत होईल’ असं म्हणत थांबणं त्यांना सोपं होतं. पण तोवर सायकलमागे धावण्याची सवय मुरत गेली असती, आणि मुरलेली सवय सोडवणं फार कठीण.

ही जात स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरच्या टेकड्यांत घडली. आजच्या बॉर्डर कॉलींची वंशावळ १८९३ साली जन्मलेल्या ओल्ड हेम्प नावाच्या कुत्र्यापर्यंत नेऊन पोचवतात. नुसत्या नजरेनं तो मेंढ्या हलवायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. लांडग्याच्या शिकारीत ओळीनं पायऱ्या असतात: हेरणं, नजर रोखणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, पकड, मग ठार मारणं. मेंढपाळांनी पिढ्यानपिढ्या निवड करून सुरुवातीच्या पायऱ्या धारदार केल्या आणि शेवटच्या बोथट. वाघ्या सायकल दिसताच मान खाली घालून, एक पाय उचलून थिजतो तेव्हा मला ती निवड डोळ्यांसमोर दिसते. समोर मेंढ्या नाहीत, एवढीच अडचण.

‘त्याला चांगला पळवून दमवा,’ हा सल्ला सगळेच देतात. नुसतं पळवलं की दम वाढतो, थांबणं येत नाही. तासभर चेंडू फेकला की तो आणखीच तापतो आणि नंतर भिंतीवरच्या कवडशामागे लागतो. तो कवडशाचा नाद मला सगळ्यात जास्त घाबरवतो, कारण या जातीत त्याचं वेड लागू शकतं. म्हणून लेझरचा खेळ माझ्याकडे बंद आहे. त्याला उपयोग झाला तो नाकाच्या कामाचा. गवतात लपवलेलं खेळणं शोधायचं, मिळालं की थोडी ओढाओढ, सांगितलं की सोडायचं, आणि मग क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या झोपायच्या पिंजऱ्यात, अंधार करून झोप. असे कुत्रे सहसा स्वतःहून निवांत झोपत नाहीत, त्यांना झोपायला शिकवावं लागतं. हे जमल्यावर वाघ्या पहिल्यांदा माझ्या पायाशी अंग सैल सोडून पडला, तेव्हा मला रडू आलं.

दुपारी आलेल्या बाई हरवलेली माणसं शोधणारे कुत्रे तयार करतात. त्यांनी वाघ्याला हातही लावला नाही. त्याला धरून ठेवलं, खेळणं उंच गवतात फेकलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि मग सोडलं. तो किती वेळ नेट न सोडता शोधतो हे त्या बघत राहिल्या. मग मुद्दाम एक पत्र्याचं ताट पाडलं. वाघ्या दचकला, मागे सरला आणि लगेच हुंगायला पुढे आला. ‘हे मला हवं होतं,’ त्या म्हणाल्या. मग विचारलं, ‘काम संपल्यावर निवायला किती वेळ घेतो?’ इतक्या लोकांनी फोन केले, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मी सगळं सांगितलं. सायकल, घोटे, कवडसा, फाडलेला सोफा, एकटा ठेवला की भुंकणं. ‘खेळकर आणि हुशार’ एवढंच लिहिलं तर फोन भरपूर येतात, आणि कुत्रा परतही येतो. दर वेळी परत येताना त्याचं काहीतरी तुटत जातं. म्हणून वाघ्याचे अवगुण मी पानभर लिहून ठेवलेत, गुण त्याखाली.

पुढच्या रविवारी तो या शोधकुत्र्यांच्या बाईंकडे जाईल. लसीकरणाचं कार्ड, नसबंदीचा कागद आणि न धुतलेलं अंथरूण सोबत द्यायचं. खाणं हळूहळू बदलायचं, सुरुवातीला पाहुणे नकोत, आणि बाहेर नेताना हारनेस (छातीचा पट्टा) व गळपट्टा दोन्ही, कारण नव्या जागी कुत्रा बुजून निसटतो. पहिला महिना आजमावणीचा. ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपच्या नोंदीतलं मालकाचं नाव त्यानंतरच बदलायचं. जमलं नाही तर तो तिसऱ्या कुणाकडे न जाता माझ्याकडेच परत येईल, असं लिहून आम्ही दोघींनी सह्या केल्या.

आधीच्या घरच्या बाईंना उद्या सकाळीच फोन करते. त्यांनी त्याच्यासाठी आणलेलं दोरीचं खेळणं आज त्या गवतात होतं, हेही त्यांना सांगायचं आहे.