दाराजवळची खुर्ची

काल राजारामपुरीतल्या हॉलमध्ये साखरपुड्याला पोहोचले, तेव्हा धाकट्या जावेने शेवटच्या रांगेतली, दाराला लागून असलेली खुर्ची पर्स ठेवून अडवली होती. "ताई, तुमची जागा धरली आहे," असे ती चारचौघींसमोर अगदी सहज म्हणाली आणि मी मुकाट्याने बसले. पुढचा सगळा समारंभ त्या एका वाक्याशी भांडण्यात गेला. नवऱ्या मुलीने कोणत्या रंगाची साडी नेसली होती, हेसुद्धा आज मला सांगता येणार नाही.

तिचे काही चुकले असे म्हणता येत नाही. गेल्या दिवाळीत महाद्वार रोडच्या गर्दीत माझ्या छातीत धडधडू लागले, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले आणि आता आपण संपलो अशी खात्रीच पटली, तेव्हा मला रिक्षात घालून दवाखान्यात नेणारी तीच होती. कार्डिओग्राम अगदी व्यवस्थित निघाला. "मनावर घेऊ नका," असे सांगून तिथून जी बोळवण झाली, तिच्याबद्दल आज लिहीत नाही.

पॅनिक अटॅकचे गणित मला समुपदेशक बाईंनी नंतर उलगडून सांगितले. भीतीने श्वास भराभर चालू लागला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच मुंग्या येतात. अटॅकचा जोर साधारण दहा मिनिटांत कळसाला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. मात्र त्याआधीच उठून बाहेर पडले, तर ओसरण्याचे श्रेय दाराला मिळते आणि पुढच्या वेळी दाराशिवाय बसवत नाही. म्हणजे जी सवय मी सोडायची आहे, तीच घरच्यांनी प्रेमाने माझ्यासाठी राखून ठेवली आहे. प्रेमाला नकार कसा द्यायचा? आणि खरे सांगायचे तर त्या खुर्चीत बसल्यावर मला हायसे वाटले होते, त्याचीच चीड अधिक आली. घरात कुठे जायचे ठरले की आधी माझ्या जागेचा विचार होतो आणि मग माझा. अशा वेळी आपण माणूस नसून घरातली एक अडचण आहोत असे वाटते.

रात्री जेवताना मात्र मला हसू आले. सासूबाईंची भाजी बिनमिठाची, दिरांचा चहा बिनसाखरेचा, शिवाय पित्तामुळे त्यांनी तांबडा रस्सा सोडला त्याचे सुतक घराने आठवडाभर पाळले होते. या पंगतीत माझेही एक पथ्य वाढले, इतकेच.

जेवणे उरकताना किरणोत्सवाचा विषय निघाला. ३१ जानेवारीपासून तीन दिवस मावळतीची किरणे अंबाबाईच्या गाभाऱ्यात येतात आणि ती पाहायला मंदिरात पाय ठेवायला जागा नसते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले आणि दीर लगेच टीव्हीवरच्या थेट प्रक्षेपणाबद्दल बोलू लागले. मी येणार आहे, असे मी सांगून टाकले. जाऊ थोडा वेळ गप्प राहिली आणि मग, अटॅक आलाच तर आपण नेमके काय करायचे, असे तिने पहिल्यांदाच मला विचारले. काही करायचे नाही, नुसते शेजारी उभे राहायचे आणि मला बाहेर ओढायचे नाही, असे मी म्हणाले. तिला ते फारसे पटलेले दिसले नाही.