आमची वाटचाल : तारीख सापडली तर नाव टिकते

बेळगावात ट्रेडमार्कचे, म्हणजे दुकानाचे किंवा मालाचे नाव आणि चिन्ह नोंदवण्याचे, काम सुरू केले तेव्हा फॉर्म भरणे हेच मोठे काम वाटायचे. 2017 च्या नियमांनी 74 फॉर्मचे 8 केले, अर्जही ऑनलाइन जातो. आता आमचा बराचसा वेळ पक्षकारांचे जुने कागद चाळण्यात जातो.

कारण अर्जातला एकच रकाना : नाव कधीपासून वापरात आहे? घाईघाईत तिथे 'पुढे वापरणार' असे टाकले जाते. शहापुरात तीस वर्षे कुंदा विकणारा दुकानदार मग कागदोपत्री कालचा ठरतो, आणि ती तारीख नंतर मागे नेणे फार अवघड. ट्रेडमार्क कायद्याचे कलम 34 आधीपासून सलग वापर करणाऱ्याला नोंदणीदारापुढेही संरक्षण देते, पण वापर सिद्ध करावा लागतो. म्हणून आम्ही आधी माळा धुंडाळायला सांगतो. बिलबुके, पालिकेचा परवाना, व्हॅटची विवरणपत्रे. सगळ्यांत मोलाचे छापखान्याचे बिल : 'मिठाईचे खोके, नावासह, 1000 नग', खाली तारीख आणि शिक्का. हे सारे प्रतिज्ञापत्राला जोडतो. थर्मल कागदावरची बिले पुसट होतात, त्यांची झेरॉक्स वेळीच काढावी.

ऑनलाइन शुल्क दर वर्गाला, म्हणजे मालाच्या प्रकाराला, व्यक्ती किंवा लघुउद्योगाला 4,500 रुपये, इतरांना 9,000. मिठाई वर्ग 30 मध्ये, चप्पल 25 मध्ये. नुसते 'बेळगाव कुंदा' कलम 9 मध्ये अडकते, त्याची नोंदणी नाकारली जाते. गाव आणि पदार्थ सगळ्यांचेच. अथणी, निपाणीच्या कारागिरांनाही 'कोल्हापुरी' हा शब्द एकट्याच्या नावावर करता येत नाही, तो भौगोलिक मानांकनात, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांच्या सामायिक नावात, आहे आणि त्यात बेळगाव जिल्हाही येतो.

इकडे पाटी कन्नडमध्ये, खोका मराठीत. चिन्हात कन्नड अक्षरे असतील तर हिंदी किंवा इंग्रजीत लिप्यंतर आणि अर्थ द्यावा लागतो. शब्द आणि लेबल यांचे वेगवेगळे अर्ज करावेत असा आमचा आग्रह असतो. दिवाळीला खोक्याचे डिझाइन बदलले तरी शब्द हातात राहतो.

बेळगावचा अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाला, पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडचा मुंबईच्या. नोंदणी मात्र देशभर चालते. अर्ज तपासून कार्यालय हरकती कळवते त्या तपासणी अहवालाला 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. तो ईमेलवर येतो, आणि अर्ज सायबर कॅफेच्या ईमेलवरून भरलेला असला तर मालकाला पत्ताच लागत नाही. अशाने अर्ज सोडून दिला असे धरले जाते. म्हणून ईमेल मालकाचाच घालतो. नोंदणीसाठी आलेली नावे ज्यात छापतात ते दर सोमवारी निघणारे ट्रेडमार्क जर्नलही आम्ही चाळतो, कारण मिळत्याजुळत्या नावावर हरकत घ्यायला चारच महिने मिळतात.